बावीस नंबर

छत्तीस कार्डांचा संच होता.
एका पुड्यात एक कार्ड, बिस्किटांच्या खाली,
म्हणून चंद्रावर तुपाचा डाग ठरलेलाच.
दौलतगंजच्या कोपऱ्यावरचा मोटूमल
पुडा कानाशी नेऊन हलवू द्यायचा नाही.
"कान से रॉकेट सुनाई देता है क्या?"
आम्हाला द्यायचा.

अकरा नंबरसाठी मी दोन भोवरे दिले.
तिसासाठी भूगोलाची वही, नकाशांसकट.
चार नंबर टायफॉइडात मिळालं. एकविसाव्या दिवशी
डॉक्टर म्हणाले, आता बिस्किट चालेल,
आणि मी बिस्किटं आईच्या हातात ठेवून
पुड्याच्या तळाशी बोट घातलं.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत:
न. खा.
बिस्किटाच्या कार्डावर न खा!
आम्हाला वाटे, कारखान्यातलाच कुणी प्रामाणिक माणूस
आतून इशारा देतोय.
हिंदी पोरांनाही तेवढं मराठी कळत होतं.

बावीस मात्र कुणालाच निघालं नाही.
मुरारला एका सुभेदाराच्या मुलाकडे आहे म्हणाले,
म्हणून भर मे महिन्यात सायकलवर डबलसीट गेलो.
त्याच्याकडे दोन नंबरची दोन कार्डं होती.
शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, ये लो, बाईस.
परतताना चाक पंक्चर. कुणी कुणाशी बोललं नाही.

पुढे चौतीस वर्षं एजी ऑफिसात
लाल पेन्सिल घेऊन दुसऱ्यांच्या बेरजा पाहिल्या.
कार्डं राहिली पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांबरोबर.

रिटायर झाल्यावर एकदा भिंगाखाली धरली तेव्हा
कळलं, की चंद्राची पलीकडची बाजू
म्हणजे आपला उरवाईचा कडा आहे,
चुन्याच्या ओघळांसकट.
रॉकेट म्हणजे गिरणीचं धुराडं, खाली नुसती आग लावलेली.
अंतराळवीराचं डोकं पेट्रोमॅक्सच्या काचेत,
आणि त्याला यानाशी बांधून ठेवणारी दोरी
सुतळीच. पीळसुद्धा दिसतो.
ग्वाल्हेर सोडून कुठे न गेलेल्या माणसानं
मला एवढं लांब नेऊन आणलं होतं.

गेल्या भाद्रपदात पुण्याहून एकाचा फोन.
पूर्ण संचाला चाळीस हजार. बावीस नसेल तर सहा.

म्हणून न. खा. शोधत निघालो.
नरहर खानवलकर, ड्रॉइंग मास्तर. जाऊन वीस वर्षं झालेली.
मुलगी भेटली शिंदे की छावणीत, दुसऱ्या मजल्यावर,
मोतीबिंदूचा हिरवा चष्मा लावून.
बावीस? म्हणाली. ते कुत्रीचं.
आमच्या सोनीला दोन दिवस टोपलीत बसवून ठेवली होती
बाबांनी, चित्रासाठी.
मालकांना हवं होतं: कुत्री छत्रीतून खाली येतेय,
मुलं टाळ्या वाजवतायत.
बाबांनी विचारलं, ती उतरली का?
मालक म्हणाले, मास्टरजी, बिस्कुट बेचना है.
बाबा घरी आले. सोनीला टोपलीतून काढलं.
एका चित्राचे दोन रुपये मिळायचे, ते गेले.
आई महिनाभर बोलत होती त्यावर.

मग ती म्हणाली, चहा घ्याल?
बशीत बिस्किटं होती. मी दोन खाल्ली.

रात्री अल्बम उघडला.
एकवीस आणि तेवीसच्या मध्ये ती रिकामी चौकट,
साठ वर्षं मी जिला तूट म्हणत आलो.
लाल पेन्सिल सापडायला वेळ लागला.
चौकटीत लिहिलं:
संच पूर्ण. आक्षेप नाही.

पुण्याच्या माणसाला हे फोनवर नीट सांगता आलं नाही.
तो म्हणाला, बरं, सात देतो.