समास

लाबू भिलावेकराची वही हाती आली
ती जनगणनेच्या दिवसांत.
पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड शोधताना
मन्सारामनं ती वर काढली:
"गुरुजी, हे बी घ्या, कागदच हाये."
मजकूर शाबूत. समास तेवढा वाळवीनं खाल्लेला.

लाबू म्हणजे मन्सारामच्या आज्याचा बाप, साहेबाचा मुन्शी.
सिपनेच्या काठी, टपालबंगल्याच्या ओट्यावर
साहेब बोट दाखवी, लाबू शब्द देई.
पाणी: दा. वाघ: कुला. साग: सिपना.
रोज दोन आणे, शनवारी मूठभर मीठ.
आणि अशा मुठीमुठीनं
साहेबाची पोथी कोरकूत उतरत होती.

साहेबानं सांगितलेलं लाबूनं मोडीसारख्या बाळबोधीत टिपलंय:
तीनशे वर्षांमागं त्यांच्या एका राजानं
चाळीसपन्नास पंडित बसवले,
पोथी आपल्या भाषेत करून घेतली
आणि ताकीद दिली, समासात टिपा नकोत.
जुन्या पोथीतल्या टिपा राजाला बोचत.
'जुलमी' हा शब्द तर नव्या पोथीत औषधालाही नाही.
यावर साहेब हसला, असं लिहिलंय.
खाली एक ओळ कोरी.
मग लाबू:
आमच्यातही तो शब्द नाही. गार्ड आहे.

त्याच थंडीत दिल्लीला दरबार भरला.
एलिचपूरच्या शाळेत बादशहाचं स्तवन झालं,
शार्दूलविक्रीडितात, एका हेडमास्तरानं रचलेलं.
लाबू अठरा कोस चालत गेला ऐकायला,
दोन बत्तासे मिळाले, एक कागदी झेंडा.
वृत्ताचं नाव विचारून घेतलं त्यानं.
वाघाचं खेळणं, असा अर्थ कळल्यावर म्हणाला,
"मंग ह्याच्यात तो मरते कधी?"
त्यानं वाघ पाहिलेले ते लाटसाहेबांच्या पायाशी,
मिशा उपटलेले.

परत आला तर पोथीत राज्याची जागा आलेली.
साहेबानं विचारलं, राज्याला काय म्हणता तुम्ही?
लाबूनं तीन दिवस मागून घेतले.
पहिल्या दिवशी तो नुसता झोपला.
दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेला,
जिथं सागाच्या बुंध्यांवर हातोडीचे ठसे होते
आणि पलीकडं कुऱ्हाड न्यायला बंदी.
त्याचा बाप तिकडून मोळी आणताना धरला गेला होता.
तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "राखीव."

तो शब्द खोडलाय. एकच आडवी रेघ, सरळ, पट्टी लावून.
वर साहेबाच्या अक्षरात, टोकदार: देवराज्य.

मी व्याकरणाचा मास्तर, मला सोडवता येतो.
देवाचे राज्य. षष्ठी तत्पुरुष.
चा, ची, चे: मालकी दाखवणारे प्रत्यय.
लाबूला मालकी ठाऊक होती, पण दुसऱ्या बाजूनं.
त्यानं पानाच्या तळाशी बारीक लिहिलंय:
देवाचं राखीव आलं तर सरपण कुठून आणू?

दोन आण्यांचे रुपये झाले, रुपयांची हमेल.
परतवाड्याच्या सोनारानं प्रत्येक बादशहाच्या मुकुटावर
कडी झाळून दिली.
ती आता मन्सारामच्या सुनेच्या, बुदयच्या, गळ्यात आहे.
चार पिढ्यांच्या घामानं नाक गेलं, मग दाढी,
मग कोण राजा आणि कोण राणी तेही कळेना.
"छाप गेली, गुरुजी," ती म्हणाली,
"धारणीचा सेठ म्हणते चांदी खरी हाये."

बाहेर नवा फलक लागलाय, हिरवा,
वाघाच्या चित्राचा. गाव हलवायचं चाललंय.
मी फॉर्म पुढं घेतला. नाव. वय. मातृभाषा.
मन्साराम सांगत गेला,
काही रकान्यात बसलं, काही बसेना.
रकान्याबाहेर लिहू नये,
अशी आम्हाला वरून ताकीद आहे.

वही परत देताना एकदा उजेडात धरली.
पानोपानी, डाव्या अंगाला,
नक्षीसारखी कुरतडलेली कड.
तिथं लाबूनं काय लिहिलं होतं
ते वाळवीच्या पोटात.