घसारा

आमची बिझनेस स्कूल तिसऱ्या मजल्यावर,
खाली वेल्डिंगची प्रयोगशाळा.
ताळेबंद शिकवताना फरशी थरथरते,
पोरांच्या कॉफीत बारीक वलयं उठतात.
अभियंते आम्हाला ‘वरचे कारकून’ म्हणतात.
म्हणोत.

आज घसारा.
उदाहरणाला घेतला साइमा तळ्याकाठचा
बंद पडलेला कागद कारखाना:
यंत्र क्रमांक चार, आयुष्य पंचवीस वर्षं,
भंगारमूल्य शून्य.
शून्य काढून मी वळले, तर मागून
इन्केरी म्हणाली, “शून्य नाही, राइली.
ते विकलं गेलं. बाबांनीच खोललं.
एकेक बोल्ट मोजून, चिठ्ठी लावून, खोक्यात.
त्याचा सहा आठवड्यांचा पगार मिळाला.
तो कुठे लिहायचा?”

उत्तर होतं माझ्याकडे.
विक्रीच्या रकमेतून वजा, मग नफा किंवा तोटा.
सांगितलं.
तिनं लिहून घेतलं, खाली पट्टीनं रेघ मारली,
जशी मीच पहिल्या दिवशी शिकवली होती.
मला माझ्याच उत्तराचा राग आला
आणि तरीही ते बरोबर होतं.

तीन वाजताच काळोख. बर्फ आडवा पडत होता.
जिन्यात, टोपी कानांवर ओढता ओढता
ती हळूच म्हणाली,
“एक बोल्ट घरी आहे. स्वयंपाकघरात,
खिडकी आपटू नये म्हणून फटीत ठेवलाय.
यादीत नाही तो.”

मी हिशेबाची बाई. साठ्यात तूट म्हणजे तूट.
“काय म्हणालीस?” मी विचारलं,
“खाली वेल्डिंग चालू आहे ना,
काही ऐकू येत नाही.”

प्रयोगशाळा दुपारीच बंद झाली होती.