आकसाची पट्टी

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीसच्या मागे
फाउंड्रीचं शटर अर्धं वर. भट्टी गार.
दारावर न्यायाधिकरणाचा आदेश:
आजपासून कुणी कुणाकडून काही वसूल करायचं नाही.
सेलोटेपच्या कडेला मुंग्या चिकटून मेल्यात.

मला साहेबांनी पाठवलंय, मोजायला.
लेथ तीन. ग्राइंडर दोन. वाळूची चाळण, फाटलेली.
माळ्यावर सागवानी पॅटर्न, एकशे अठरा,
पंपांचे, झडपांचे, लाल आणि काळे रंगवलेले.
मी लिहिलं, रद्दी.
"रद्दी नाही ते," मोरेश्वर मेस्त्री म्हणाले.
चौतीस वर्षं पॅटर्नशॉपमध्ये,
अकरा महिने पगार नाही,
तरी आठच्या ठोक्याला हजर, डब्यासकट.

संध्याकाळचे पाच. रॉटरडॅममध्ये साडेबारा.
मूळ कंपनी तिकडची, आमच्या नऊ दिवस आधी बुडाली.
तिकडे अशा साहेबांना क्युरेटर म्हणतात,
जणू बुडालेल्याचं म्युझियमच करायचंय.
स्क्रीनवर बाई, मागे पांढरी भिंत, एक कुंडी.
ड्रॉइंग आमचं, म्हणाल्या, म्हणजे पॅटर्न आमचे.
पाठवून द्या.
साहेब म्हणाले, लाकूड कळव्याच्या वखारीतलं,
आणि मोरेटोरियममध्ये इथला खिळासुद्धा हलत नाही.

त्यांच्या कोर्टाचा शिक्का इथे आपसूक चालत नाही,
आमचा तिथे.
आमच्या पुस्तकात दोन कलमं आहेत त्यासाठी,
करार होईल तेव्हा, विनंतीपत्र जाईल तेव्हा.
नवं काही येतंय, असं साहेब दर महिन्याला सांगतात.
तोवर दोन्हीकडचे वकील मिळून
अकरा पानांचा प्रोटोकॉल लिहिताहेत
आणि चौथ्या पानावर अडलेत:
या कंपनीच्या हितसंबंधांचं मुख्य केंद्र कुठे?
बाई म्हणाल्या, बोर्ड बसतं तिथे.
साहेब म्हणाले, भट्टी आहे तिथे.
मी म्यूटवर.
माझ्यामागे मेस्त्रींनी एक पॅटर्न उलटा केला.
बुडाशी कोरलेलं: मो. मे., ९-२-९४.
बाहीने पुसला, परत ठेवला.
कॅमेऱ्यात तेवढी बाही आली असेल.

मग त्यांचा क्लेमचा फॉर्म भरला.
थकीत पगार, बोनस, रजेचे पैसे.
ग्रॅच्युइटीचा कागद वेगळा.
"किती हातात येतील?"
कायद्यात तुमची रांग बरीच पुढे आहे, मी म्हटलं,
पण आधी ठरायचंय, उरलंय किती
आणि कुठल्या देशात.
रुपयाला सोळा पैसे धरा.

ते काही बोलले नाहीत.
खिशातून पितळी पट्टी काढली,
माझ्या पट्टीला लावून टेबलावर ठेवली.
एका टोकाला दोन्ही जुळवल्या.
दुसऱ्या टोकाला त्यांचा फूट माझ्या फुटाच्या पुढे, केसभर नाही, चांगला एक सूत.

"ओतीव लोखंड गार होताना आकसतं.
फुटामागे एक सूत. पोलादाला दोन.
म्हणून पॅटर्न आधीच मोठा करायचा.
आमच्यात हिला आकसाची पट्टी म्हणतात.
आकस हिशेबात धरायचा, बाई. मनात नाही."
थोडं थांबून, "तुमच्या फॉर्मला चालते का ही?"

नाही चालत.
फॉर्मला पुरावा लागतो, पैशापैशाचा.
तरी खाली उतरताना मी मनात गणित केलं:
सोळा पैशांच्या आकसाला
फुटामागे सव्वासहा फूट.
असला पॅटर्न या जिन्यातून उतरला नसता.

यादीतली रद्दी खोडली. लिहिलं:
पॅटर्न, सागवानी, ११८, मालकी वादात.
मग, सवयीने: पट्टी, पितळी, एक.
"ती नका लिहू. ती माझी."
पावती विचारायची असते अशा वेळी.
शटर ओढताना कर्रकर्र आवाज झाला,
त्यात मी विचारायचं राहून गेले.