पान तीन

हुकूम नऊ मार्चला संपला.
मला वाटलं होतं काहीतरी ऐकू येईल,
कडी निघाल्याचा, निदान तळ्यावरचं बर्फ तडकल्याचा आवाज.
काही नाही. डुलुथमध्ये त्या दिवशी उणे अकरा होतं
आणि मी पहाटे चारला पालिकेची गाडी घेऊन
नेहमीसारखा रस्ते खरवडत होतो.

दोन वर्षं माझ्या फेरीला एक भोक होतं.
चौथ्या गल्लीच्या कोपऱ्यावर मी पातं उचलायचो
आणि वळायचो. पुढचे शंभर यार्ड व्हर्न करायचा,
त्याच्या सवडीने, कधी दुपारी.
तोवर मारित दाराशी फावडं घेऊन,
एल्सी गुडघाभर बर्फातून बसकडे...
मला दिसायचं नाही. तीच तर मनाई होती.

अपील केलं तेव्हा हुकूम जिवंत होता.
तारीख लागली तेव्हा गेलेला.
व्हर्न म्हणाला, बैल गेला नि झोपा केला.
ओडेगार्ड वकील तेच जरा सभ्य शब्दांत म्हणाले,
बिल पाठवलं, बाजूला झाले.

म्हणून सेंट पॉलला मी एकटाच उभा राहिलो,
लग्नातला कोट घालून, दुसरा नव्हता.
समोर तिघे. मधल्या न्यायाधीश बाई
चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
'मिस्टर कांगस, आता तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.
आम्ही नेमकं काय रद्द करू?'

हुकूम संपतो, नोंद संपत नाही,
हे मी पाठ करून गेलो होतो.
मुलींच्या हॉकी संघाला प्रशिक्षक हवा होता,
शाळेतल्या कारकून बाईंनी माझं नाव टाइप केलं,
आधी संगणक थांबला, मग त्या.
आणि पान तीनवर ते वाक्य:
'प्रतिवादीने दार तोडले.'
दार मी तोडलं नव्हतं.
ते उघडंच होतं.
एवढं एक वाक्य खोडा, बाकी राहू द्या.

हे म्हणालो, अगदी शब्दशः.
म्हणता म्हणता आठवलं,
उघड्या दारातून मी ज्या आवाजात हाक मारली
तो पान तीनवर नाही, कुठल्याच पानावर नाही.
एल्सी तेव्हा सात वर्षांची, टेबलाखाली,
एकाच पायात मोजा.
तिला विचारलं तर
दार तुटलंच होतं.

'आणखी काही?' बाईंनी विचारलं.
मी पाणी प्यालो.
निकाल पोस्टाने येईल म्हणाले.

बाहेर लांबच लांब गल्लीत
त्या टोकाला, खिडकीशी मारित.
मधे कॉफीचं यंत्र, एक बाक,
आणि फरशी पुसणारा म्हातारा. तो बाजूला सरकला,
'जा की, वाळलंय. रस्ता मोकळा आहे.'

मी जागचा हललो नाही.
ती जिना उतरून खाली दिसेनाशी होईतो
पातं वर उचलून धरल्यासारखे
माझे दोन्ही हात दुखत होते.