तान्हा पोया

पारडीच्या आमच्या शाळेत एकोणीस टॅब आले,
चार्जर सतरा.
ट्रेनिंग झालं तीन दिवस, सिव्हिल लाइन्सला, एसीत.
साहेब म्हणाले, आता उच्चार यंत्र तपासेल,
तुम्ही फक्त बघा.

मी बघते.

सकाळची शाळा. एप्रिल.
साडेदहालाच पत्रा तडतडायला लागतो.
कूलरमध्ये पाणी भरायची आज चौथी ब ची पाळी.
'आपले पूर्ण नाव सांगा,' टॅब म्हणतो
बातम्यांतल्या बाईच्या आवाजात.
'लावण्या निनावे.'
तो गोल गोल फिरतो विचार केल्यासारखा
आणि लिहितो : लावण्या. आडनाव आढळले नाही.
वर्ग हसतो. लावण्याही हसते.
तिच्या बापाचं, आज्याचं, अर्ध्या गल्लीचं
आडनाव आहे ते,
मागावर ज्यांची कंबर गेली त्यांचं.

धडा आठवा, तान्हा पोळा.
ती वाचते ओळीखाली बोट धरून.
लाकडी बैल, त्याची चाकं, सगळं तिच्या घरात
कपाटावर ठेवलेलं.
'तान्हा पोया.'
स्क्रीनवर उमटतं : तहान, पोहे.
पुन्हा म्हणा.
'बैलाच्या गयात झेंडूची माय.'
झेंडूची आई.
पुन्हा म्हणा.
'माय.'
पुन्हा म्हणा.
'मा-य.'
पुन्हा म्हणा.
न चिडता म्हणतो, हे मानलं पाहिजे.
मी चिडायची.

बावीस वर्षं लाल पेनानं
य खोडून मी ळ लिहिला.
फया नाही, फळा. शाया नाही, शाळा.
जाऊन राहिलो नाही, जात आहे.
हात पुढे कर.
आणि रात्री काटोलला भावाला फोन लागला की
'काऊन रे, डोयाचं आपरेशन कदी हाये?'
डी.एड.च्या होस्टेलात आरशासमोर
जीभ उलटी वळवून, दुखेस्तोवर गिरवलेला तो ळ
तेव्हा कुठं जाऊन बसायचा,
मला कुणी विचारलं नाही.

अकराला टॅब काळा पडला.
उपकरण तापले आहे. कृपया थांबा.
मी म्हटलं, ठेव बाजूला, दुसरा घे.
पण लावण्यानं पुठ्ठ्याची वही काढली
आणि त्याला वारा घालायला लागली,
तापानं फणफणलेल्या पोराला घालावा तसा.
खाली वाकून, अगदी कानाशी बोलल्यासारखं
(कान कुठं असतो त्याला, तिनं ठरवून टाकलं होतं)
म्हणाली,
'घाबरू नोको. येईन तुले बी.
हयू हयू.'

आता अहवाल भरायचा आहे.
विद्यार्थ्याचा उच्चार :
समाधानकारक, की सुधारणा आवश्यक.
कोणाला आवश्यक, त्यासाठी रकाना नाही.
पेन निळं आहे. लाल मुद्दाम नाही आणलं
असं म्हणायला आवडलं असतं; खरं तर विसरले.

कूलर कोरडाच फिरतोय केव्हाचा.
चौथी ब ला हाक मारायला हवी.