काळी तार

सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे दुपारीच उरकलेत.
चौगुल्यांच्या पेढीत पंखा बंद करून बसले आहे,
नाहीतर डाख धरत नाही, आणि हळद उडते.
जुना कॉम्प्युटर, पाठीला नऊ पिनांचं तोंड,
वर पाच, खाली चार.
कित्येक वर्षं त्या तोंडाशी कुणी बोललेलं नाही.
पिनांवर पिवळी साय.

इकडं काट्याखाली माझा बोर्ड, काडेपेटीएवढा.
त्यातली चिप पाच व्होल्टात कुजबुजते.
कॉम्प्युटरचा आवाज बारा व्होल्टांचा,
शिवाय त्याचा होकार उणा:
'एक' म्हणायचं तर शून्याच्याही खाली उतरतो.
थेट गाठ घातली तर चिप जळेल,
म्हणून मधे सोळा पायांचा एक अडत्या बसवला,
चार कपॅसिटर त्याचे गुमास्ते.
"अडत किती घेतो?" सन्मतीशेठनी विचारलं.
पन्नास रुपये, म्हटलं, एकदाच.
ते हसले नाहीत.

तारा तीनच.
बोलायची, ऐकायची,
आणि काळी, जिला दोन्ही नाही.
पहिल्यांदा मी बोलणारीला बोलणारी जोडली,
ऐकणारीला ऐकणारी.
स्क्रीन कोरा.
दारात धुळाप्पा हमाल पोत्यावर बसला होता.
"दोघंबी बोलाय लागल्यात," तो म्हणाला, "ऐकतंय कोण?"

तारा उलट्या केल्या.
मग आलं काहीतरी:
चौकोन, पालथे प्रश्न, डोक्यावर दोन टिंबं घेतलेला वाय,
पुन्हा चौकोन.
धुळाप्पा उठून जवळ आला, वाकून बघितलं.
"कानडी न्हवं हे. कानडी मला येती."
वेग जुळत नव्हता.
चिप शहाण्णवशेनं सांगत होती,
हा चोवीसशेनं मोजत होता.
तेव्हा त्यानं रुमालाखालच्या सौद्याचं सांगितलं.
बोटं धरायची, पेरं दाबायची, तोंडानं चकार शब्द नाही.
"घाईत दाबलं की हजाराचं शंभर व्हायाचं.
आन् दोघंबी खरंच बोलल्यालं."
त्याचा हात तसाच हवेत राहिला,
मूठ अर्धी मिटलेली, वर रुमाल नसलेला.

मी वेग बदलला.
काळी तार पुन्हा एकदा पिळली,
दोघांचं शून्य एकाच जागी असावं म्हणून.
००.००
००.००
००.००

शेठ फोनवर सेलमशी भांडत बाहेर गेले.
चाचणीला वजन हवं होतं.
"मीच ऱ्हातो की उबा," धुळाप्पा म्हणाला,
चपला काढून काट्यावर चढला.
हलू नका, म्हटलं.
त्यानं श्वाससुद्धा धरला.
आकडे दोनदा डळमळले. ५१.४०.
"पोतं साठाचं असतंय,"
एवढंच बोलून उतरला.

नव्या फायलीत पहिल्याच ओळीला ती नोंद आहे.
लॉट नंबर नाही, भाव नाही,
वेळ संध्याकाळचे सहा बारा.
खाली दुसऱ्या दिवशीची हळद सुरू होते.
ही कुणाची, शेठनी विचारलं.
चाचणीची, म्हटलं. राहू दे.