शहाऐंशी आणि अठ्ठ्याण्णव

सिनेमा मी पाहिलेला नाही.
भिंतीपलीकडून ऐकलाय फक्त, सव्वीस खेळ.
सात चाळीसला हशा,
आठ दहाला पियानो,
मग बराच वेळ काहीच नाही.
तेव्हा म्हणे ती दोघं एकाच पुलावर असतात,
पाठमोरी.

मी कोट सांभाळते.
रीगात डिसेंबरात कोटासकट आत कुणी जात नाही.
तीनशे चाळीस खुंट्या, तितकेच पितळी बिल्ले,
आणि खेळ सुटला की
दुसरी बाही सापडेपर्यंत
माणूस खरं बोलतो.

"सात वर्षांत पाच वेळा अचानक गाठ?"
गणिताच्या लिएपिन्या बाई मफलर आवळतात.
"मला माझा दंतवैद्यसुद्धा
वेळ ठरवून भेटत नाही."

ओयार्स ट्राम चालवतो.
"कावळा बसला, फांदी मोडली.
यात फांदीचं प्रेम कुठून आलं?
आणि त्या पुलावरून ट्राम जातच नाही."
"अहो, ते लिस्बन होतं," बायको म्हणते,
आणि त्याची टोपी
जरा जास्तच जोरात बसवते.

एक मुलगी नाक लाल करून उभी,
बोलवत नाही, नुसता बिल्ला पुढे करते.
तिची मैत्रीण सांगते: हिला तो कुत्रा आवडला.

वाल्देमार्स, काठी टेकत, नेहमी शेवटी:
"आम्ही पावाच्या रांगेत भेटलो.
ती माझ्या पुढे. शेवटचा पाव तिचा.
दाराबाहेर थांबून तिनं अर्धा मोडून दिला.
याला हे लोक नशीब म्हणतील.
पाव होता तो. काळा. थोडा जळका."
मग खिशात हात घालून
काहीतरी शोधल्यासारखं करतो.

गुंदेगा आणि तिचा रिनाल्ड्स
हसत आत गेले होते.
"तू मला शोधलं असतंस, असं, शहरभर?"
"फोन केला असता."
त्यानंतर शब्द नाही.
दोघांचे कोट एकाच खुंटीवर,
तिची बाही त्याच्या बाहीत घुसलेली.
सोडवायला मला वेळ लागला.
तेवढा वेळ दोघंही
माझ्या बोटांकडे बघत राहिले.

आता माझं सांगते.
इथले आकडे असे, की शहाऐंशीचा बिल्ला
उलटा धरला तर अठ्ठ्याण्णव होतो.
परवाच्या फेब्रुवारीत मी उलटा धरला.
एका शिंप्याचा कोट गेला
बंदरावरच्या कारकूनबाईंच्या अंगावर,
त्यांचा त्याच्या.
दोघंही करडे, दोघांनाही घरी जाऊन कळलं.

दुसऱ्या दिवशी सहाला दोघं आले.
मी काउंटर पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते.
"बटण सैल होतं, लावून दिलंय," तो म्हणाला.
"उगाच त्रास," त्या म्हणाल्या.
कोट बदलले. तो डावीकडे गेला, त्या उजवीकडे.
बस्स. पियानो वगैरे काही नाही.

फक्त पायरीवर त्या जरा थांबल्या,
त्या बटणाला हात लावून पाहिला,
आणि मग ते लावलं नाही.
उघड्या गळ्यानंच गेल्या, बर्फात.

मॅनेजर तेव्हापासून सांगतोय:
शहाऐंशीच्या खाली एक रेघ ओढ, लाल रंगाची.
रंग ड्रॉवरमध्ये आहे.
ब्रशही आहे.
दोन हिवाळे गेले.

"आणि तुमचं मत?"
आजचा शेवटचा प्रेक्षक विचारतो,
आत घोरून आलेला, गालावर खुर्चीचा वळ.

बाहेर उणे अकरा आहे, मी म्हणते.
वरचं बटण लावा.